उशीच्या हृदयाची तपासणी

उशी नावाच्या मांजरीची नखे वाढली होती. प्रकरण मुळात एवढेच होते.

ही नखे ती पडद्यांवर चालवत असे. घरात पडद्यांना तोटा नव्हता, कारण घरातल्या बाई पडदे शिवण्याचाच व्यवसाय करत. शिवून झालेले पडदे खुर्चीच्या पाठीवर टाकले रे टाकले, की उशी वर चढायची आणि नखांच्या आधाराने सावकाश खाली घसरत यायची. एका गिऱ्हाइकाने पडदा उलगडून "ही झालर तुम्ही आपल्या मनाने लावली का?" असे विचारले, तेव्हा बाईंनी शिलाईचे मशीन थांबवले आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, आज हिची नखं कापून आणा. नाहीतर उद्या मी हिलाच दारावर टांगते."

त्यांचे यजमान लिफ्ट निरीक्षक होते. शहरातल्या लिफ्ट तपासायच्या आणि आत शिक्का मारलेली पाटी लावायची, हे त्यांचे काम. कचेरीत, गल्लीत आणि बायको रागावली की घरातही त्यांना 'निरीक्षक' म्हणत. जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात, तपासलेल्या आणि धोकादायक, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. लग्नाआधी मुलगी पाहायला गेले तेव्हा त्यांनी म्हणे आधी त्या घराचा जिना हलवून पाहिला होता.

घरातले तिसरे माणूस म्हणजे निरीक्षकांचे सासरे. त्यांची उभी हयात अग्निशमन दलात गेली होती. बंबाच्या भोंग्याने कान अधू झाले होते आणि त्यामुळे जगालाच कमी ऐकू येते, अशी त्यांची समजूत झाली होती. ते कुजबुजले तरी समोरच्या इमारतीतली माणसे खिडकीत येत. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या सहकाऱ्यांना भिंतीवरची घड्याळे मिळाली. यांचा नंबर येईपर्यंत घड्याळे संपली, म्हणून केंद्राच्या आवारात जन्मलेले एक मांजरीचे पिल्लू हार घालून त्यांच्या हाती देण्यात आले. तीच ही उशी. सासूबाई गेल्यावर सासरे लेकीकडे राहायला आले ते एक ट्रंक आणि उशी घेऊन.

दुपारचे जेवण झाले की ते आरामखुर्चीत आडवे होत. उशी त्यांच्या छातीवर चढे, पाय पोटाखाली घेई आणि घुरघुरू लागे. कानांना ते ऐकू येत नसे, पण बरगड्यांना कळत असे. "चालू झाली," असे म्हणून सासरे डोळे मिटत. ते एरवी दिवसभर वर्तमानपत्राशी भांडत. हे दोनच शब्द ते समाधानाने बोलत.

तर त्या दिवशी निरीक्षक आणि सासरे उशीला टोपलीत घालून प्राण्यांच्या दवाखान्यात गेले. बाहेरच्या खोलीत फिनेलचा वास होता. बाकावर टॉवेल पांघरलेल्या पिंजऱ्यात एक पोपट होता, कोपऱ्यात जमिनीवर वजनकाटा होता आणि भिंतीवर एका कुत्र्याचे मोठे चित्र होते. कुत्र्याच्या छातीत लालभडक हृदय काढलेले होते आणि कुत्रा त्याबद्दल आनंदी दिसत होता.

"नखं कापायची आहेत," निरीक्षक स्वागतकक्षातल्या बाईंना म्हणाले.

"हृदयतपासणी झाली आहे का?"

"नाही हो, नखं. पुढच्या पायांची."

"मी तेच विचारते आहे. आता कुठल्याही सेवेच्या आधी हृदयाची नियमित तपासणी करावी लागते. हृदय कसं आहे हे माहीत नसताना आम्ही नखाला हात लावत नाही."

"हृदय नखात असतं काय?" सासऱ्यांनी हळूच विचारले. टॉवेलखालचा पोपट काठीवरून पडला.

"आजोबा, मागे आम्ही एका सशाची नखं तशीच कापली. दुसऱ्या दिवशी ससा गेला."

"नखं कापल्यामुळे?"

"नाही, गाडीखाली आला. पण त्याचं हृदय तपासायचं राहून गेलं, ही रुखरुख आम्हाला कायमची लागली ना."

निरीक्षक हेलावले. त्यांच्या आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच आपल्यासारखा विचार करणारे माणूस भेटले होते. "तपासणी असेल तर झालीच पाहिजे," असे म्हणून त्यांनी टोपली पुढे सरकवली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि मनापासून काम करत. त्यांनी उशीला टेबलावर ठेवले आणि स्टेथोस्कोप कानाला लावून नळीचे टोक तिच्या छातीला टेकवले. ते थंड टोक उशीला भारीच आवडले असावे. तिने डोळे अर्धवट मिटले आणि घुरघुर सुरू केली.

"हिला थांबायला सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला आत नुसती पिठाची गिरणी ऐकू येते आहे."

"उशे, थांब," निरीक्षक म्हणाले. उशीची घुरघुर वाढली.

मांजर घुरघुरत असेल तर पाण्याचा नळ सोडायचा, पाण्याच्या आवाजाने मांजर गप्प होते, असे डॉक्टरीणबाईंना शिकवलेले होते. पण दवाखान्याचे नुकतेच नूतनीकरण झाले होते आणि तिथे हात धरल्यावर आपोआप वाहणारा नळ बसवलेला होता. हात धरला की पाणी येई, हात काढला की थांबे. डॉक्टरीणबाईंनी एक हात नळाखाली धरला आणि दुसऱ्या हाताने उशीची छाती गाठायचा प्रयत्न केला, पण त्यांचे हात तेवढे लांब नव्हते. मग निरीक्षकांनी हात धरला. उशी उठली, नळापाशी गेली, निरीक्षकांच्या ओंजळीतले पाणी प्यायली आणि तृप्त होऊन दुप्पट घुरघुरू लागली.

दुसरा उपाय म्हणून शेजारच्या खोलीतून एक कुत्रा आणण्यात आला. कुत्रा वासराएवढा होता आणि त्याचा चेहरा वसुली अधिकाऱ्यासारखा होता. उशीने त्याला आपादमस्तक पाहिले, जवळ जाऊन त्याच्या जबड्याला गाल घासला आणि त्याच्या पुढच्या पायांवर अंग टाकले. कुत्रा थरथर कापू लागला. लगोलग त्याचे हृदय तपासण्यात आले तेव्हा त्याच्या ठोक्यांचा वेग ऐकून त्याच्या मालकिणीला खुर्ची द्यावी लागली.

डॉक्टरीणबाईंनी हात टेकले आणि त्या संगणकापाशी बसल्या. संगणकात तीनच पर्याय होते: 'हृदय निरोगी', 'हृदय सदोष' आणि 'हृदय आढळले नाही'. त्यांनी बराच विचार केला. त्या खोटे बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांनी तिसरा पर्याय निवडला.

"आढळलं नाही म्हणजे?" सासरे म्हणाले. "मग ही चालते कशावर?"

"आजोबा, हृदय असेलच. ते नाही, असं आमचं म्हणणं नाही. आढळलं नाही, एवढंच."

निरीक्षकांनी मान डोलावली. त्यांच्याही खात्यात हे वाक्य फार वापरात होते.

"आणि नखं?"

"हृदय नसलेल्या प्राण्याची नखं कशी कापणार? मोठे डॉक्टर येतील त्या दिवशी या."

मोठे डॉक्टर केवळ हृदयाचे तज्ज्ञ होते आणि गावोगावच्या दवाखान्यांतून फिरत असत. त्यांनी उशीच्या पायांना तारा लावल्या. उशी तारांवरच झोपली आणि यंत्रातून जो कागद बाहेर आला त्यावर कंगव्याचे दाते उमटले होते. मग त्यांनी छातीला गार मलम लावून आतले चित्र पडद्यावर आणले. घुरघुरीमुळे ते चित्र इतके हादरत होते, की पडद्यावर वादळात सापडलेले जहाज असल्यासारखे वाटत होते. सासरे चष्मा लावून पुढे झाले. "मला यात आमचा जुना बंब दिसतोय," ते म्हणाले. "शिडीसकट."

मोठ्या डॉक्टरांनी यंत्र बंद केले.

"मांजर दोन कारणांनी घुरघुरतं," ते म्हणाले. "एक तर ते आनंदात असतं, किंवा त्याला काहीतरी दुखत असतं. आधी यातलं कारण ठरवावं लागेल."

"दुखत असेल तर?" निरीक्षकांनी विचारले.

"तर उपचार करू. उपचारांनी बरं वाटलं की ती आनंदात येईल."

"आणि आनंदात असेल तर?"

"तर तो कमी करावा लागेल. त्याशिवाय हृदय ऐकू येणार नाही."

"म्हणजे दोन्हीकडून कमीच करायचा आहे," सासरे म्हणाले.

"शास्त्र तसंच आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी घरी पाळायचे पथ्य सांगितले. मांजरीला मांडीवर घ्यायचे नाही. कुरवाळायचे नाही. उन्हात बसू द्यायचे नाही. लाडाने बोलायचे नाही. घरातल्या माणसांनीही तिच्यादेखत फार खूश दिसायचे नाही, कारण मांजरांना त्याची लागण होते. घुरघुर थांबली की ताबडतोब घेऊन यायचे.

घरी आल्यावर बाईंनी हे सगळे ऐकून घेतले आणि कपाळाला हात लावला. "अहो, पडदे फाडते म्हणून पाठवलं होतं ना हिला? त्यात हृदय कुठून आलं? मी कात्रीनं कापून टाकते नखं, द्या इकडे."

त्यांनी कात्री उचललीही. पण सासरे मध्ये बोलले, आणि ते इतक्या खालच्या आवाजात बोलले, की आधी दोघांना कोण बोलले तेच कळले नाही.

"असू दे, पोरी. करू ते म्हणतात तसं. तुझ्या आईचं तपासायचं राहून गेलं होतं."

बाईंनी कात्री ठेवून दिली.

निरीक्षकांनी दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात केली. हातात पट्टी घेऊन त्यांनी घरभर हिंडून आनंदाची ठिकाणे शोधली. पुढच्या खोलीच्या खिडकीतून सकाळी जमिनीवर उन्हाचा चौकोन पडत असे, तो जाड पडदा लावून बंद करण्यात आला. फ्रिजचा वरचा भाग कोमट असे, तिथे पालथी भांडी ठेवण्यात आली. सासऱ्यांची आरामखुर्ची घडी करून पलंगाखाली गेली, आणि त्यांना पाठ सरळ राहील अशी लाकडी खुर्ची मिळाली. तिच्यावर बसले की मांडी उताराची होई आणि मांजर टिकत नसे.

लाडाने बोलायचे नाही म्हणून बाई उशीशी अतिशय औपचारिक बोलू लागल्या. "उशीबाई, आपलं जेवण ठेवलं आहे. सोयीनं घ्यावं." उशी एवढ्या मानाने हुरळून गेली आणि ताटलीभोवती घुरघुरत फिरली. मग निरीक्षकांनी तिला कचेरीतल्या आवाजात जेवायला बोलवायचे ठरवले: "संबंधितांनी नोंद घ्यावी, दूध ठेवले आहे." उशीला हेही आवडले. नंतर ती फ्रिजच्या अंगाला अंग लावून बसली. फ्रिज घरघर करी, ही घुरघुर करी आणि दोघांचे छान जमले. तेव्हा निरीक्षकांनी फ्रिज बंद केला. दूध नासले. नासलेल्या दुधाची उशीला पूर्वीपासूनच आवड होती.

माणसांना मात्र पथ्य लागू पडले. बाई मशीनवर गुणगुणत असत, ते थांबले. निरीक्षक आरशात पाहून भांग पाडताना शीळ घालत, तीही थांबली. खिडकी बंद असल्यामुळे घरात दिवसा अंधार असे. एकदा जेवताना बाईंना काहीतरी आठवून हसू आले, तर निरीक्षकांनी दाराकडे बोट दाखवले आणि त्या बाहेर जिन्यात जाऊन हसून आल्या.

जिन्यात एकटीच हसणारी बाई, बंद खिडकी, आणि घरातून अजिबात न येणारा सासऱ्यांचा आवाज, एवढे इमारतीला पुरेसे होते. संध्याकाळी शेजारची मंडळी फिकट कपडे घालून आली आणि चेहरे पाडून भिंतीला टेकून बसली. शेजारच्या वहिनींनी बाईंचा हात हातात घेतला.

"कधी झालं हे?"

"काय?"

"कोण गेलं ते सांग ना गं. असं मनात ठेवू नये."

"कोणी गेलं नाही, वहिनी. मांजरीची नखं कापायची आहेत."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. दुःखाने माणसाचे काय होते, हे त्यांनी पूर्वी पाहिले होते. मंडळी आणखी हळवी झाली. खालच्या मजल्यावरचे मास्तर, ज्यांचे निरीक्षकांशी लिफ्टवरून बरीच वर्षे वाकडे होते, त्यांनी उठून निरीक्षकांना मिठी मारली. या सगळ्या वेळात उशी एकेकाच्या मांडीवर जाऊन बसत होती. इतक्या मांड्या तिला एका जागी कधी मिळाल्या नव्हत्या. तिची घुरघुर ऐकून सर्वांनी माना हलवल्या. "मुकं जनावर," मास्तर म्हणाले, "पण बघा, त्यालाही कळतं."

असे दिवस जात राहिले. उशी घुरघुरत राहिली. खंगत चालले ते सासरे.

ते लाकडी खुर्चीवर ताठ बसत आणि हात गुडघ्यांवर ठेवत. उशी पायाशी येऊन वर पाहत बसे. ते छताकडे पाहत. वर्तमानपत्राशी भांडण बंद झाले होते. दुपारी ते बोलत नसत आणि झोपतही नसत. त्यांचा आवाज उतरत उतरत सामान्य माणसाच्या आवाजाइतका झाला, तेव्हा बाईंनी मशीन थांबवले. "बाबा, जरा ओरडा ना," त्या म्हणाल्या. "कशाला उगाच," सासरे म्हणाले.

आणि एका सकाळी त्यांनी आपली ट्रंक भरली.

"जावईबापू, मी विचार केला," ते म्हणाले. "मी हिला हात लावत नाही, पण मी समोर आहे हे हिला कळतं. मी आहे तोवर ही काही गप्प बसायची नाही. मी जरा केंद्राकडे जातो. बंबाचे ड्रायव्हरदादा तिथंच मागं राहतात, त्यांच्याकडे काही दिवस काढतो. हिचं ऐकू आलं की निरोप द्या."

बाई गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेल्या होत्या. निरीक्षकांनी क्षणभर 'राहा' म्हणायचा विचार केला. पण युक्ती बिनचूक होती, आणि बिनचूक गोष्टीला ते कधी हरकत घेत नसत. त्यांनी ट्रंक खाली नेऊन दिली.

उशीने आधी खोलीभर शोध घेतला. पलंगाखाली जाऊन घडी केलेल्या आरामखुर्चीचा वास घेतला. मग ती दारापाशी जाऊन बसली. जेवायला आली नाही, पडद्यांवर चढली नाही. निरीक्षकांनी कान लावला. पिठाची गिरणी बंद होती.

ते आनंदाने ओरडणार होते, पण पथ्य आठवून गप्प राहिले. त्यांनी उशीला टोपलीत घातले आणि ते दवाखान्याकडे धावत सुटले.

मोठे डॉक्टर योगायोगाने आलेले होते. स्टेथोस्कोप टेकवला गेला. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मोठ्या डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी नळी डॉक्टरीणबाईंच्या कानाला लावली, त्यांनी ती स्वागतकक्षातल्या बाईंना दिली, त्यांनी निरीक्षकांना दिली. आत एक छोटेसे, नेटके हृदय शहाण्या मुलासारखे चालले होते. एकही ठोका चुकत नव्हता.

"अप्रतिम," मोठे डॉक्टर म्हणाले. "इतकं निर्दोष हृदय मी फार दिवसांत ऐकलं नाही."

'हृदय निरोगी' या पर्यायासमोर खूण झाली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. उशी टेबलावर पडून भिंतीकडे पाहत होती.

"आता नखं," निरीक्षक म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी उशीचा पंजा उचलला आणि सोडला. तो ओल्या मोज्यासारखा खाली पडला. त्यांनी खेदाने मान हलवली.

"ही उदास आहे हो. उदास प्राण्याची नखं आम्ही कापत नाही. तो हातपाय झाडत नाही, मग दुखलं तरी आम्हाला कळत नाही. तिला खूश करून आणा."

"खूश झाली तर ती घुरघुरेल."

"घुरघुरू दे की."

"आणि नखं कापायच्या आधी तुम्ही हृदय ऐकाल."

"अर्थात."

निरीक्षकांनी टोपली उचलली. आपल्याला वाद घालता येत नाही, कारण यात कुठेच चूक नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते.

घरी बाई वाट पाहत होत्या. कोपऱ्यातली ट्रंक दिसत नव्हती आणि त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती.

"बाबा कुठे आहेत?"

"हृदय निरोगी आहे," निरीक्षक म्हणाले. "निर्दोष. मोठे डॉक्टर म्हणाले, फार दिवसांत—"

"मी बाबांचं विचारते आहे, निरीक्षक!"

निरीक्षकांनी सांगितले. बाईंनी पूर्ण ऐकून घेतले. त्यांनी आवाज चढवला नाही, हे वाईट लक्षण होते.

"तुम्ही पाट्या लावत फिरता ना लिफ्टमध्ये," त्या म्हणाल्या, "तशी एक या घराला लावा. लिहा, तपासलं, सगळं ठीक आहे, आत कोणी नाही." आणि पायांत चपला सरकवून त्या बाहेर पडल्या.

केंद्रामागच्या खोलीत सासरे खाटेवर उताणे पडले होते. त्यांच्या छातीवर गरम पाण्याची रबरी पिशवी होती आणि तिच्यावर त्यांनी दोन्ही हात ठेवले होते. ड्रायव्हरदादा दारात उभे होते. "मघाशी आग लागली, भोंगा वाजला, तर हे उठूनसुद्धा बसले नाहीत," ते बाईंना हळूच म्हणाले.

बाई खाटेच्या कडेवर बसल्या.

"बाबा, चला घरी."

"ऐकू आलं का तिचं?"

"आलं. घड्याळासारखं चाललंय."

सासऱ्यांनी डोळे पुसले. मग पिशवीकडे पाहिले. "ही गरम आहे," ते म्हणाले, "पण चालू होत नाही."

दोघे घरी आले तेव्हा निरीक्षक पडदा बाजूला करून फ्रिज सुरू करण्याच्या खटपटीत होते. पलंगाखालची आरामखुर्ची त्यांनी आधीच काढून पुसून ठेवली होती. त्यांनी माफी मागितली नाही, त्यांना तशी सवय नव्हती. पण त्यांनी खुर्चीचे चारही पाय हलवून पाहिले आणि "भक्कम आहे, बसा," असे सांगितले. सासऱ्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मग खुर्ची आणि उशी घेऊन ते आपल्या खोलीत गेले. बाईही शिवणाची कात्री घेऊन मागोमाग गेल्या आणि आतून कडी लागली.

आतून आधी कात्रीचे बारीक आवाज आले. मग बाईंचे हसणे आले, आणि या वेळी त्या हसायला जिन्यात गेल्या नाहीत. मग सासऱ्यांचा आवाज अख्ख्या इमारतीत घुमला:

"चालू झाली!"

समोरच्या इमारतीत खिडक्या उघडल्या. खालच्या मजल्यावर मास्तरांनी पुस्तक मिटले. निरीक्षक दाराला कान लावून उभे होते. आतून घुरघुर ऐकू येत होती, पण ती एकाची वाटत नव्हती. एक बारीक होती, एक जाड होती, आणि मधूनच बाईंचे गुणगुणणे येत होते. घरात एकाच वेळी तिघेजण असे काही करत आहेत, हे त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. याची कुठे तपासणी झालेली नव्हती. त्यांना चैन पडेना. शेवटी त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

"काय होतंय?" स्वागतकक्षातल्या बाईंनी विचारले.

"घरात सगळे आनंदात आहेत," निरीक्षक खालच्या आवाजात म्हणाले.

"मांजरही?"

"मांजरही. सासरेही. आणि बायको गाते आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "कधीपासून?"

"आत्ताच सुरू झालं."

"मग एवढ्यात घाबरायचं कारण नाही. चार-दोन दिवसांत आपोआप जातं. नाही गेलं, तर सगळ्यांना घेऊन या."

"नक्की जातं ना?"

"अहो, बहुतेकांचं जातं," त्या धीर देत म्हणाल्या. "तुमचं नाही का गेलं?"

हा प्रश्न त्यांनी निरीक्षकांना विचारला होता. आपण उगाच मनाला लावून घेऊ नये.